कोलंबसच्या आधी तिथे कोण होते?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी भर घातली आहे.)



आम्ही काही इतिहासाचे प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आमची तीस वर्षे गेली. शाळा सातवीत सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. रातपाळी करून आल्यावर पुस्तक उघडायचे, दोन पाने झाली की डोळा लागायचा, उठून पुन्हा तेच पान. अशा ओढाताणीत जे डोक्यात राहिले तेवढीच आमची पदवी. तेव्हा बोलण्यात काही चूकभूल झाली तर पदरात घ्या.

आजचा विषय आम्हाला एका मुलीने दिला. विहारात दर रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. सामान्यज्ञानाच्या पुस्तकातले प्रश्न आम्ही विचारत होतो. अमेरिकेचा शोध कुणी लावला? सगळी पोरं एका सुरात ओरडली, कोलंबस! सहावीतली एक मुलगी तेवढी गप्प होती. ती म्हणाली, "काका, कोलंबस गेला तेव्हा तिथं माणसं राहत होती का?" आम्ही म्हटलं, "होती की." तर म्हणते, "मग त्यांना माहीत नव्हतं का, आपण कुठं राहतो ते?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण घरी जाताना ते हसू काही टिकले नाही. आपल्या वस्तीत उद्या कुणी साहेब आला, दोन गल्ल्या हिंडला आणि म्हणाला की ही वस्ती आज मी शोधून काढली, तर आयाबाया काय म्हणतील? म्हणतील, "बाबा, चाळीस वर्षं आम्ही इथं पाणी भरतोय. तू कोण?" इतकी सरळ गोष्ट. आणि आम्ही वर्षानुवर्षे मुलांकडून 'कोलंबस' हे उत्तर घोकून घेत होतो. म्हणून पुन्हा वाचनालयात गेलो, आणि जे वाचले ते आज तुमच्यापुढे मांडतो.

१२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबसची तीन जहाजे आजच्या बहामा बेटांपैकी एका बेटाला लागली. त्या बेटाला तिथले लोक ग्वानाहानी म्हणत. नाव होते म्हणजे नाव ठेवणारेही होते. ते होते तैनो लोक. शेती करणारे, होड्या वल्हवीत या बेटावरून त्या बेटावर जाणारे, कापूस पिकवून त्याच्या झोळ्या विणणारे. जहाजे आलेली पाहून ते पाहुण्यांना भेटायला गेले. काय घेऊन गेले, हे कोलंबसच्याच रोजनिशीत नोंदलेले आहे. पोपट आणि कातलेल्या सुताचे गुंडे. आयुष्यभर सूत काढणाऱ्या आमच्यासारख्या माणसाने हे वाचले आणि पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिलो.

कोलंबस निघाला होता हिंदुस्थानच्या वाटेवर. आपण तिकडेच पोचलो असे समजून त्याने या लोकांना 'इंडियन' म्हटले. म्हणजे नाव आपल्या देशाचे आणि चिकटले त्यांना! आपल्याकडे अजून सर्रास 'रेड इंडियन' म्हणतात. सिनेमात पिसे लावून ओरडत येणारी माणसे, एवढीच आपली त्यांच्याशी ओळख. खरे म्हणजे ते एक लोक नव्हेतच. तैनो, मेक्सिकोचे मेशिका, पेरूचे इंका, चेरोकी, लाकोटा, नवाहो अशी शेकडो राष्ट्रे, शेकडो भाषा. आम्ही जमेल तिथे त्यांचे नाव घेऊ, नाहीतर मूळ रहिवासी म्हणू.

सुताचे गुंडे देणाऱ्या तैनोंचे पुढे काय झाले? तीनच वर्षांत, १४९५ साली, हिस्पानिओला बेटावर, म्हणजे आजचे हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक जिथे आहे तिथे, कोलंबसने कर बसवला. चौदा वर्षांवरील प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी एक घुंगूर भरेल इतके सोने आणून द्यायचे. जिथे सोने नाही तिथे सुमारे ११ किलो कापूस. जे प्रेमाने दिले त्याचाच तगादा लागला. न देणाऱ्यावर अत्याचार झाले. शेती सोडून माणसे सोने शोधत फिरली, उपासमार झाली, डोंगरात पळाली, आत्महत्या झाल्या. १५१४ साली स्पॅनिशांनीच त्या बेटावर मोजणी केली तेव्हा सुमारे २६ हजार तैनो उरले होते. आधी ते काही लाख होते, असे अभ्यासक मानतात.

आता कुणी म्हणेल, हे तर सरळ तलवारीचे राज्य. तलवार होतीच. पण आम्हाला तलवारीपेक्षा त्यांच्या कागदाचे जास्त नवल वाटले. मे १४९३ मध्ये पोप सहावा अलेक्झांडर याने एक फर्मान काढले आणि समुद्रापलीकडचे, न पाहिलेले मुलूख स्पेनच्या राजाराणीला देऊन टाकले. पुढच्या वर्षी स्पेन आणि पोर्तुगालने करार करून समुद्रावर एक रेघ ओढली. पलीकडचे तुझे, अलीकडचे माझे. पोर्तुगीज आपल्या वाटणीच्या दिशेने निघाले ते १४९८ ला कालिकतला आणि १५१० ला गोव्याला पोचले. ज्यांची घरेदारे वाटून घेतली, त्यांना ना तिकडे कुणी विचारले ना इकडे.

दुसरा कागद १५१३ चा. स्पॅनिश भाषेत त्याला रेकेरिमिएन्तो म्हणत. आपण नोटीस म्हणू. स्वारीवर जाताना ही नोटीस बरोबर न्यायची आणि गावापुढे वाचून दाखवायची. त्यात काय, तर देवाने जग निर्माण केले, पोपला अधिकार दिला, पोपने तुमचा मुलूख आमच्या राजाला दिला, तेव्हा मुकाट्याने मान्य करा. नाहीतर आम्ही युद्ध करू, तुम्हाला आणि तुमच्या बायकापोरांना गुलाम करू, आणि जे नुकसान होईल त्याचा दोष तुमचाच राहील. वाचायची स्पॅनिश भाषेत. ऐकणाऱ्याला एक अक्षर कळत नाही. कधी जहाजावरून वाचली, कधी माणसे पळून गेल्यावर रिकाम्या झोपड्यांपुढे वाचली. बांधवांनो, गिरणीच्या फाटकावर इंग्रजीत नोटीस लागली की कामगार एकमेकांची तोंडे पाहतात, ते आम्ही पाहिले आहे. त्यामुळे त्या रिकाम्या झोपड्यांचे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

त्यांच्यातही एक माणूस जागा झाला, हे सांगितले पाहिजे. बार्तोलोमे दे लास कासास. हा स्वतः तैनोंना राबवणारा जमीनदार आणि धर्मगुरू. १५१४ साली त्याने आपल्याकडचे वेठबिगार सोडून दिले आणि उरलेले आयुष्य या लोकांची बाजू मांडण्यात घालवले. १५५२ साली त्याने या कत्तलींची हकीकत छापली. पण त्याच माणसाने आधी असे सुचवले होते की यांच्याऐवजी आफ्रिकेतून गुलाम आणा. पुढे त्याला याचा पश्चात्ताप झाला. एकाची बेडी काढताना ती दुसऱ्याच्या पायात घालू नये, हा धडा आम्ही त्याच्याकडून घेतला.

मग रोगराई आली. देवी, गोवर, तापाच्या साथी. हे रोग त्या खंडात नव्हतेच, त्यामुळे तिथल्या लोकांच्या अंगात त्यांना तोंड देण्याची ताकद नव्हती. १५२० मध्ये देवीची साथ मेक्सिकोत शिरली आणि पुढच्याच वर्षी, १३ ऑगस्ट १५२१ ला, मेशिकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. काही विद्वान म्हणतात, रोगाने मेले, त्याला कोण काय करणार? अर्धे खरे आहे. बहुतेक ठिकाणी रोग कुणी मुद्दाम पसरवला नाही. १७६३ साली फोर्ट पिट या किल्ल्यातून देवीच्या दवाखान्यातली पांघरुणे मूळ रहिवाशांना दिली गेली, ही नोंद मात्र इंग्रजांच्याच कागदपत्रांत आहे. पण उरलेले अर्धे असे, की ज्याच्या पोटात अन्न आहे, ज्याच्या उशाशी पाणी द्यायला माणूस आहे, तो आजारातून उठू शकतो. ज्याला खाणीत जुंपले, ज्याचे शेत जाळले, तो कसा उठणार? २०१९ साली लंडनच्या अभ्यासकांनी हिशोब मांडला. १४९२ मध्ये दोन्ही अमेरिका मिळून सुमारे ६ कोटी माणसे होती आणि १६०० पर्यंत त्यांतली दहातली नऊ गेली, असा त्यांचा अंदाज आहे. दहा जणांच्या घरात एकच उरला, असे धरून बघा.

आणि उरलेल्यांचे काय? आजच्या बोलिव्हियात पोतोसी नावाचा चांदीचा डोंगर १५४५ साली स्पॅनिशांच्या हाती लागला. १५७३ पासून आजूबाजूच्या गावांनी दरवर्षी सातातला एक बाप्या खाणीत धाडायचा, अशी वेठ सुरू झाली. ती चांदी युरोपात गेली. तिथून कापड आणि मसाले घ्यायला आपल्याकडे आली आणि सुरतेच्या टाकसाळीत तिचे रुपये पडले. आपल्या ताटाचेही तसेच. मिरची, शेंगदाणा, मका, बटाटा, टोमॅटो, पेरू, सीताफळ हे सारे मूळचे तिकडचे. तिथल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षे बियाणे निवडून निवडून वाढवलेले. आपल्या भाकरीवरचा ठेचा ज्यांनी दिला, त्यांचे नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि लुटणाऱ्याचे नाव पोरांना पाठ आहे.

आता कापसाकडे येतो, कारण तो आमच्या हातातला विषय. गिरणीत आज जो कापूस येतो तो बहुतेक सगळा अमेरिकन जातीचा. आपल्या जुन्या देशी कापसाचा तंतू आखूड, याचा लांब. हा कापूस पहिल्यांदा शेतात आणला तो मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांनी. पण त्याच्यावर राज्य केले दुसऱ्यांनीच. १७९३ साली सरकी काढायचे यंत्र निघाले, इंग्लंडच्या गिरण्या कापूस मागू लागल्या, आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या काळ्या जमिनीवर सगळ्यांचा डोळा गेला. त्या जमिनीवर होते चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ, चिकासॉ, सेमिनोल.

यांतल्या चेरोकींची हकीकत प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावी. त्यांच्यात सेक्वोया नावाचा एक चांदीकाम करणारा होता. त्याला कुठलीच भाषा लिहिता-वाचता येत नव्हती. पण गोरे लोक कागदावर खुणा करून दूरच्या माणसाशी बोलतात, हे त्याने पाहिले. बरीच वर्षे खपून त्याने १८२१ च्या सुमारास चेरोकी भाषेची स्वतःची अक्षरे तयार केली. पंच्याऐंशीच्या आसपास. आपल्या का, कि, कु सारखी एका उच्चाराला एक खूण. बायकापुरुष काही आठवड्यांत वाचायला शिकू लागले. १८२७ मध्ये त्यांनी लेखी राज्यघटना केली. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी 'चेरोकी फिनिक्स' हे वर्तमानपत्र निघाले, चेरोकी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. निरक्षर माणसाने आपल्या लोकांना अक्षर दिले! हे वाचताना आमचे डोळे भरून आले, हे कबूल करायला लाज वाटत नाही.

म्हणजे चेरोकींनी कागदाला कागदाने उत्तर द्यायचे ठरवले. मे १८३० मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या कारकिर्दीत त्यांना पश्चिमेला हलवण्याचा कायदा झाला. चेरोकींचा लढा सुप्रीम कोर्टात गेला, आणि १८३२ साली कोर्टाने निकाल दिला की जॉर्जिया राज्याचा कायदा चेरोकींच्या हद्दीत चालत नाही. जिंकले! पण निकालाची अंमलबजावणी कोण करणार? सरकारने डिसेंबर १८३५ मध्ये चेरोकींमधल्या मूठभर लोकांना गाठून जमीन सोडल्याच्या करारावर सह्या घेतल्या. निवडून आलेले प्रमुख जॉन रॉस यांनी विरोधात अर्ज केला, त्यावर १५ हजारांहून जास्त नावे होती. अमेरिकेच्या सिनेटने तरीही तो खोटा करार मंजूर केला. दोनतृतीयांश मते लागत होती, त्यापेक्षा एकच मत जास्त पडले.

१८३८ साली सैन्य आले. घरातून, चुलीपुढून माणसे उठवली, छावण्यांत कोंबली आणि भर थंडीत पश्चिमेकडे चालवत नेली. सुमारे १६ हजार निघाले. सुमारे ४ हजार छावण्यांत आणि वाटेत मेले. त्या वाटेला आजही अश्रूंची वाट म्हणतात. रिकाम्या झालेल्या त्या साऱ्या मुलखात कापसाचे मळे उठले आणि त्यांवर आफ्रिकेच्या लेकरांना राबवले. १८६० मध्ये अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते. त्यांनी वेचलेला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांत गेला आणि ते कापड आपल्या विणकरांच्या मुळावर आले. १८६१ साली तिकडे यादवी युद्ध पेटले, कापूस बंद झाला, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६५ ला युद्ध थांबताच मुंबईचा बाजार कोसळला. एका धाग्याला किती जणांचे रक्त लागलेले असते ते बघा.

इथे एक कडू गोष्टही सांगतो, नाहीतर आम्ही एकतर्फी बोललो असे होईल. चेरोकींमधल्या काही श्रीमंतांकडे काळे गुलाम होते. अश्रूंच्या वाटेवर ते गुलामही चालवत नेले गेले. ज्याच्यावर अन्याय झाला तो आपोआप न्यायी होतो, असे नाही. ही गोष्ट आपण आपल्या वस्तीत, आपल्या घरातही तपासून घ्यावी.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले. ते त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले, हे आपल्याला माहीत आहे. पण त्याच पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेत तात्यासाहेबांनी युरोपियनांनी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवर केलेल्या क्रौर्याचाही उल्लेख केला आहे, हे फार जणांच्या लक्षात राहत नाही. पुण्यात बसून, दीडशे वर्षांपूर्वी, त्यांनी अमेरिकेच्या दोन्ही बाजू पाहिल्या होत्या.

दोन्ही बाजू म्हणजे कशा? १८६२ साली मिनेसोटात डाकोटा लोक उपाशी होते. जमिनीच्या बदल्यात ठरलेले पैसे वेळेवर आले नाहीत आणि भडका उडाला. युद्धानंतर लष्करी कोर्टाने ३०३ जणांना फाशी सुनावली. अध्यक्ष लिंकन यांनी कागद तपासून बहुतेकांची फाशी रोखली, तरीही २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅनकाटो गावी ३८ डाकोटांना एकाच वेळी फासावर चढवले. आणि ठीक सहा दिवसांनी, १ जानेवारी १८६३ ला, त्याच लिंकन यांनी गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. आम्ही लिंकन यांना मानतो आणि मानत राहू. पण ही दुसरी तारीख झाकून ठेवून त्यांच्याविषयी बोलणार नाही.

आता शिक्षणाविषयी. आपण सारे शिक्षणाला जीव लावणारी माणसे. शिका म्हटले की आपण उभे राहतो. पण त्या लोकांच्या लेकरांना शाळेनेच मारले. १८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे, लष्कराच्या जुन्या बराकीत, एका लष्करी अधिकाऱ्याने निवासी शाळा काढली. शेकडो मैलांवरून मुले आणायची, केस कापायचे, कपडे बदलायचे, आईची भाषा बोलू द्यायची नाही. लाकोटा लेखक लूथर स्टँडिंग बेअर पहिल्याच तुकडीत तिथे गेले. त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे की फळ्यावर काही नावे लिहिली होती, हातात काठी देऊन सांगितले, यातले एक निवड. वाचता कुणाला येत होते? ज्यावर काठी पडली ते नाव जन्माला चिकटले.

अमेरिकेच्या सरकारने २०२४ साली अहवाल दिला. अशा ४१७ शाळा होत्या आणि त्यांत किमान ९७३ मुले मेली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी अध्यक्ष बायडन यांनी माफी मागितली. कॅनडातही सुमारे दीड लाख मुले अशा शाळांत घातली गेली. तिथल्या सरकारने २००८ साली माफी मागितली. आम्ही यावर खूप विचार केला. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेले ते स्वतःहून, आपल्या लोकांसाठी हत्यार आणायला. ज्या मॅनहॅटनमध्ये ते शिकले तो मुलूख लेनापे लोकांचा, नावसुद्धा त्यांच्याच भाषेतले. शिक्षणाने बाबासाहेब उभे राहिले आणि शिक्षणाच्याच नावाखाली कार्लाइलची पोरे मोडली. फरक इतकाच की एका ठिकाणी शिकणारा आपल्या माणसांकडे परत येतो, दुसऱ्या ठिकाणी त्याला आपल्या माणसांची लाज वाटायला लावतात. आपली मुले इंग्रजी शाळेत जातात, जरूर जावीत. फक्त घरी येऊन आजीशी बोलायला लाजत नाहीत ना, एवढे बघा.

बांधवांनो, एवढे सगळे ऐकून तुम्हाला वाटेल की ते लोक संपले. मुळीच नाही. अमेरिकेत आज साडेपाचशेहून जास्त राष्ट्रांना सरकारची मान्यता आहे. आणि ज्या कागदाने त्यांना बुडवले, तेच कागद ते आता पुढे करतात. १८६८ च्या कराराने ब्लॅक हिल्सचे डोंगर लाकोटांचे होते. १८७४ मध्ये तिथे सोने सापडले आणि १८७७ मध्ये कायदा करून ते काढून घेतले. शंभर वर्षांनंतर, १९८० साली, सुप्रीम कोर्टाने मान्य केले की मोबदला न देता हे घेतले, आणि व्याजासह दहा कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरली. लाकोटा गरीब आहेत, अमेरिकेतल्या सर्वांत गरीब वस्त्या त्यांच्याकडे आहेत. तरी त्यांनी पैसा उचललेला नाही. डोंगर विकायचेच नव्हते, म्हणतात. तो पैसा व्याजाने वाढत शंभर कोटी डॉलरच्या वर गेला आहे.

क्रीक लोकांचेही तसेच. ९ जुलै २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले की करारांनी ठरलेली क्रीकांची हद्द अमेरिकेच्या संसदेने कधी मोडलेलीच नाही, म्हणून फौजदारी कायद्यापुरती ती आजही कायम आहे. घरे-शेते परत मिळाली असा याचा अर्थ नाही, पण जुना कागद मेला नव्हता. आणि पोपच्या फर्मानातून निघालेला तो 'शोधाचा सिद्धांत' व्हॅटिकनने मार्च २०२३ मध्ये जाहीरपणे नाकारला. पाचशे तीस वर्षे लागली.

शेवटी आमच्या गिरणीतली गोष्ट. उंची सुतासाठी कधीकधी परदेशी कापसाच्या गाठी येतात. त्यावर 'पिमा' असे लिहिलेले असते. आम्हाला वर्षानुवर्षे वाटायचे, हे कंपनीचे नाव. या भाषणाची तयारी करताना कळले की पिमा ही माणसे आहेत! ॲरिझोनाच्या वाळवंटात हिला नदीकाठी राहणारे लोक. स्वतःला ते आकिमेल ओ'ओधाम म्हणतात, म्हणजे नदीची माणसे. स्पॅनिशांनी काही विचारले, यांनी त्यांच्या भाषेत 'माहीत नाही' असे सांगितले, आणि त्या शब्दाचेच 'पिमा' हे नाव झाले, असे म्हणतात. हे लोक कालवे काढून शेती करत. वाटसरूंना आणि सैन्याला गहू पुरवत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वरच्या अंगाला नव्या वसाहतवाल्यांनी नदीचे पाणी वळवले. शेते सुकली, लोकांची उपासमार झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्याच जमिनीवर, त्यांच्याच मेहनतीने सरकारने या लांब तंतूच्या कापसाचे प्रयोग केले आणि कापसाला त्यांचे नाव दिले. नाव जगभर गेले, पाणी मात्र गेले ते गेले. कित्येक वर्षे कोर्टकचेऱ्या केल्यावर २००४ साली कायदा होऊन त्यांचा पाण्याचा हक्क मान्य झाला. आज ते पुन्हा शेती करतात.

तीस वर्षे ज्यांचे नाव आमच्या हाताखालून गेले, ती माणसे आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हते. त्या सहावीतल्या पोरीने विचारले नसते तर ठाऊक झालेही नसते. तेव्हा बाळ, तू समोर बसली आहेस, तुझ्या प्रश्नाचे उत्तर ऐक. त्यांना माहीत होतं, आपण कुठं राहतो ते. त्यांच्या बेटाला नाव होतं, नदीला नाव होतं. कोलंबसला माहीत नव्हतं, तो कुठं आलाय ते.

विहाराच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. अभ्यासवर्गाच्या पुस्तकात तो प्रश्न आहे तसा राहू द्या, परीक्षेत उत्तर 'कोलंबस' असेच लिहावे लागेल. पण त्याच्या खाली पेनने आणखी एक प्रश्न लिहा: तो गेला तेव्हा तिथे कोण राहत होते? आणि मुलांकडून ती नावे पाठ करून घ्या. आम्ही रविवारी येतोच आहोत.



नमो बुद्धाय, जयभीम!